रणांगणाचा जुना फोटो भिंतीवर लावायचा असेल तर

आपल्याकडे भिंतीवर मोठा फोटो लागतो तो देवाचा, नाहीतर गेलेल्या माणसाचा. त्यामुळे हॉलमध्ये जुना काळा-पांढरा फोटो दिसला की पाहुण्याची नजर आधी हार शोधते, आणि मग प्रश्न येतो, "हे तुमचे कोण?"

बारा वर्षांपूर्वी मी सोफ्याच्या वर अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा एक प्रसिद्ध फोटो लावला होता. गेटिसबर्गचं मैदान, जुलै 1863, धुक्यात विरत गेलेलं क्षितिज आणि गवतात पडलेली प्रेतं. छपाई सुरेख होती, चौकट महागाची होती. दुसऱ्या दिवशी आत्या आली, चष्मा लावून जवळ गेली आणि म्हणाली, "कोण रे हे पडलेले? आपल्यातले का?" नाही म्हटलं, तर म्हणाली, "मग त्यांच्या घरच्यांनी लावावा. तू कशाला?" तिसऱ्या दिवशी मी तो उतरवला. तिला काय म्हणायचंय ते नीट कळायला आणखी काही वर्षं गेली. मधल्या काळात चुका करत करत या प्रकाराची थोडी माहिती जमली, ती इथे क्रमाने देतो. पहिल्यांदाच असा फोटो लावणाऱ्याला निदान माझ्या चुका तरी टाळता येतील.

आधी फोटो निवडायचा, चौकट नंतर

पुस्तकातलं पान आपण उलटतो. भिंत उलटता येत नाही. सकाळी चहा घेताना, पोरं अभ्यास करताना, रात्री दिवा मालवताना तो फोटो समोर असतोच. म्हणून माझा पहिला नियम: प्रेतं असलेला फोटो घराच्या भिंतीवर नको. तो संग्रहालयात हवा, पुस्तकात हवा, अभ्यासाला जरूर हवा. पण सोफ्याच्या रंगाशी मेळ बसतो म्हणून कुणाचं तरी मेलेलं पोर टांगणं मला आता जमत नाही.

सुदैवाने रणांगणाचे सगळ्यांत चांगले फोटो पुष्कळदा रिकामे असतात, आणि त्याला तांत्रिक कारण आहे. 1850 ते 1880 च्या सुमारास फोटो निघायचे ते काचेच्या ओल्या पट्टीवर. काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण पसरायचं, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुऊन काढायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. त्यात रणभूमीवर भिंगाची उघडझाप व्हायला काही सेकंद लागत. धावणारा शिपाई त्या काचेवर उमटतच नसे. उमटायचं ते हललं नाही ते: रस्ता, पूल, कोसळलेली भिंत, तोफ, आणि मेलेला माणूस. जमीन टिपण्यात ही मंडळी इतकी पटाईत झाली त्यामागे ही सक्तीही आहे.

सुरुवात करायची तर रॉजर फेंटनपासून करा. हा इंग्रज वकील 1855 मध्ये क्रिमियाच्या युद्धावर गेला. एका दारूच्या व्यापाऱ्याची घोडागाडी घेऊन त्याने तिची फिरती अंधारखोली बनवली होती. त्याचा सगळ्यांत गाजलेला फोटो म्हणजे सेव्हास्तोपोलजवळची एक उजाड दरी. मधून चढत जाणारा रस्ता, आणि त्यावर व बाजूच्या घळीत विखुरलेले तोफगोळे. शिपाई या जागेला मृत्युछायेची दरी म्हणत. फोटोत माणूस एकही नाही, आकाश कोरं. बघणारा आधी दगड बघतो. ते दगड नाहीत हे चौथ्या-पाचव्या मिनिटाला लक्षात येतं. भिंतीवरच्या फोटोकडून मला हेच हवं असतं. एका नजरेत तो संपू नये.

दुसरा माझ्या आवडीचा फोटो पहिल्या महायुद्धातला, ऑस्ट्रेलियन छायाचित्रकार फ्रँक हर्ली याचा. बेल्जियममधल्या ईप्रजवळचं शातो वुड, 29 ऑक्टोबर 1917. रान म्हणायचं, पण उरलेत नुसते सोललेले बुंधे, खाली चिखलपाणी, आणि त्यावर टाकलेल्या लाकडी फळ्यांच्या वाटेवरून चाललेले तोफखान्याचे पाच सैनिक. हा फोटो ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलकडे E01220 या क्रमांकाने नोंदलेला आहे.

अमेरिकी यादवी युद्धाचेही असे फोटो भरपूर आहेत. अलेक्झांडर गार्डनरने सप्टेंबर 1862 मध्ये अँटिएटमला काढलेला बर्नसाइड पुलाचा फोटो बघा. दगडी कमानी, शांत ओढा, घाटावरच्या एखाद्या जुन्या पुलासारखंच दृश्य. तिथे 17 सप्टेंबरला झालेल्या एका दिवसाच्या लढाईत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे 23,000 सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, हे माहीत नसेल तर पूल नुसता सुंदर दिसतो. माहीत असेल तर तो तसा राहत नाही.

आपल्या जवळचा एक फोटो मात्र मी मुद्दाम बाजूला ठेवतो. फेलिचे बियातो या छायाचित्रकाराने 1858 मध्ये लखनौच्या सिकंदर बागेचा फोटो काढला. समोर पडकी कमानदार इमारत, आणि अंगणभर हाडं. नोव्हेंबर 1857 च्या हल्ल्यात तिथे मारल्या गेलेल्या बंडवाल्या शिपायांची ती हाडं. हल्ल्यानंतर काही महिन्यांनी, फोटोसाठी म्हणून ती उकरून पसरली गेली असं मानलं जातं. फोटो इतिहासात महत्त्वाचा आहे, शंकाच नाही. पण आत्याचा प्रश्न इथे उलटा लागू होतो. हे आपल्यातले आहेत, आणि ज्याने ते असे मांडले तो आपल्यातला नव्हता. माझ्याकडे तो पुस्तकात आहे. भिंतीवर येणार नाही.

मग त्या फोटोची उलटतपासणी

फोटो आवडला की लगेच छापायला टाकू नका. एक संध्याकाळ त्याच्या मथळ्यावर घालवा. मथळे चुकतात, आणि कधी कधी मुद्दाम चुकवले जातात.

मी लावला होता तोच फोटो घ्या. टिमथी ओ'सलिव्हनने काढलेला हा फोटो गार्डनरच्या 1866 च्या दोन खंडी, 100 छायाचित्रांच्या संग्रहात छापला गेला. त्यात ही प्रेतं दक्षिणेच्या बंडखोरांची म्हणून सांगितली आहेत. त्याच संग्रहात दुसरा एक फोटो आहे, तो उत्तरेच्या सैनिकांचा म्हणून. 1975 मध्ये विल्यम फ्रॅसनिटो या अभ्यासकाने दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवून दिलं की ही तीच माणसं आहेत, फक्त कॅमेरा पलीकडच्या बाजूला गेला आहे. गेटिसबर्गच्याच आणखी एका फोटोत दगडांच्या आडोशाला पडलेला एकटा बंडखोर नेमबाज दिसतो. त्याचं प्रेत फोटोवाल्यांनी सुमारे 40 यार्ड उचलून तिथे नेलं होतं, हेही त्यानेच जागेवर जाऊन जुळवून दाखवलं.

फेंटनची दरीही निष्पाप नाही. त्याच जागेवरून काढलेले दोन फोटो आहेत. एकात गोळे घळीत आहेत आणि रस्ता मोकळा, दुसऱ्यात रस्त्यावरही गोळे. आधीचा कोणता? 2007 मध्ये एरॉल मॉरिस या अमेरिकी चित्रपटकाराने यासाठी थेट क्रिमिया गाठला. शेवटी उत्तर मिळालं ते उतारावरच्या छोट्या दगडांतून. एका फोटोत ते वर आहेत, दुसऱ्यात थोडे खाली घसरलेले. म्हणजे मोकळ्या रस्त्याचा फोटो आधीचा, गोळे रस्त्यावर आले ते नंतर. ते फेंटनने मांडायला लावले की गोळे गोळा करणाऱ्या शिपायांनी खालून उचलून रस्त्यावर टाकले, यावर वाद घालत बसता येतं. मी दोन्ही शेजारी-शेजारी लावलेत. एकट्या फोटोपेक्षा ही जोडी कितीतरी बोलकी आहे, आणि नवख्याला माझा सल्ला आहे की शक्य असेल तर हेच करा.

खोटा फोटो ओळखायची एक साधी कसोटी वर येऊन गेलीच. 1855 किंवा 1863 चा म्हणून कुणी धावत्या चढाईचा, उसळत्या घोड्यांचा फोटो दाखवला तर तो नंतरच्या काळातल्या नाटकी पुनर्निर्मितीचा, नाहीतर सिनेमातला धरून चाला. पहिल्या महायुद्धापर्यंत कॅमेरे वेगवान झाले, पण मग दुसरीच भानगड सुरू झाली. हर्लीला एका काचेवर लढाई मावेना, म्हणून त्याने वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडून दृश्यं तयार केली. मे 1918 मध्ये लंडनच्या ग्राफ्टन गॅलरीत त्याचं असं एक जोडचित्र लागलं, बारा निगेटिव्हचं, 21 फुटांहून रुंद. लोक बघून थक्क झाले. ऑस्ट्रेलियाचा युद्ध-इतिहासकार चार्ल्स बीन मात्र अशा चित्रांना सरळ बनावट म्हणायचा, आणि दोघांचं त्यावरून चांगलंच वाजलं होतं. शातो वुडचा फोटो या जोडकामातला नाही, साधा एका निगेटिव्हचा आहे. हर्लीचं काही निवडताना एवढं बघून घ्या.

सोव्हिएत छायाचित्रकार येव्हगेनी खाल्देई याचा मे 1945 मधला बर्लिनच्या राइशटाग या संसद इमारतीवरच्या सोव्हिएत झेंड्याचा फोटोही असाच. धूर वाढवलेला, आणि एका सैनिकाच्या मनगटावरचं दुसरं घड्याळ पुसलेलं, कारण दोन घड्याळं म्हणजे लूट.

फाइल कुठून घ्यायची

बाजारात तयार पोस्टर मिळतात. घेऊ नका. ते कुणीतरी कुठून तरी उचललेल्या छोट्या फाइलवरून ताणलेले असतात, वर तपकिरी मुलामा आणि खोट्या सुरकुत्या. मूळ ठेवणाऱ्या संस्थांनीच आता फाइल खुल्या केल्या आहेत.

यादवी युद्धासाठी वॉशिंग्टनची लायब्ररी ऑफ काँग्रेस. काचेच्या निगेटिव्हचा हा मोठा साठा तिने 1943 मध्ये विकत घेतला. पुढच्याच वर्षी फेंटनचे 263 मूळ प्रिंट त्याच्या नात्यातल्या बाईंकडून घेतले. संकेतस्थळावर छायाचित्रकाराचं आडनाव आणि ठिकाण टाकून शोधा, फोटोचं पान उघडा, आणि दोन गोष्टी बघा. एक, हक्कांची ओळ: प्रकाशनावर ज्ञात निर्बंध नाहीत अशा अर्थाचं वाक्य असेल तर निर्धास्त राहा. दोन, डाउनलोडच्या यादीतली टिफ फाइल. जेपेग सोपी आणि हलकी असते, पण आपल्याला टिफच हवी. ती मोठी असते, उतरायला वेळ लागतो, मोबाइलवर करू नका. फोटोचा नोंदणी क्रमांकही त्याच वेळी वहीत उतरवा. पुढे लागतो, आणि तेव्हा तो कधीच सापडत नाही.

लॉस एंजेलिसचं गेटी संग्रहालयही 2013 पासून आपल्याकडच्या हक्कमुक्त कलाकृतींच्या मोठ्या फाइल फुकट देतं. ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलकडे हर्लीच्या फोटोंचे हक्क संपलेले आहेत. तिथून सहज उतरणारी फाइल छोट्या प्रिंटपुरती चालते, मोठा आकार हवा असेल तर पैसे भरून मागवा. ते पैसे सत्कारणी लागतात.

हक्कांबद्दल एकच सावधगिरी: जितकं युद्ध अलीकडचं, तितकी चौकशी जास्त. भारतात 2012 च्या कायदेदुरुस्तीनंतर छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्यानंतर 60 वर्षं राहतो. त्यामुळे 1971 च्या युद्धाचा एखादा फोटो नेटवर दिसला म्हणजे तो कुणाचाच नाही असं धरू नका.

आणि घरातली ट्रंक विसरू नका. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांतून माणसं पहिल्या महायुद्धाला गेली. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कुतच्या वेढ्यात, 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916, सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे सैनिकी अभियंत्यांच्या, 20 आणि 21 क्रमांकाच्या कंपन्या ऑक्टोबर 1914 मध्ये फ्रान्सला नव्ह शापेलच्या हल्ल्यात उतरल्या होत्या. पणजोबांचा पलटणीतला एखादा गटफोटो सापडला तर तो कुठल्याही जगप्रसिद्ध फोटोपेक्षा तुमच्या भिंतीला शोभेल. फक्त मूळ प्रत चौकटीत घालू नका. ती स्कॅन करा, प्रत छापा, आणि मूळ फोटो आम्लरहित कागदात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवा. नेटवर मिळालेला मेसोपोटेमियाचा कुठलाही फोटो घेऊन "यातले हे आमचे पणजोबा" असं ठरवण्याचा मोह होतो. मी तीन घरांत पाहिलाय. पलटणीचा क्रमांक आणि तारीख जुळल्याशिवाय तसं लिहू नका.

आकाराचं गणित

फाइलची लांबी पिक्सेलमध्ये बघा आणि 300 ने भागा. येईल तितके इंच जवळून बघायलाही स्वच्छ. म्हणजे 14 इंची प्रिंटला 4,200 पिक्सेल हवेत. चार-पाच फुटांवरून बघायचा फोटो असेल तर 200 ने भागलं तरी चालतं. 150 च्या खाली मी जात नाही.

पण गणित परवानगी देतं म्हणून मोठा छापायचा असं नाही. फेंटनच्या दरीचा मूळ प्रिंट साधारण 28 बाय 35 सेंटिमीटर आहे, म्हणजे 11 बाय 14 इंच. त्या काळी मोठं करून छापायची सोय नव्हती. काच जेवढी, कागद तेवढा. मी माझा त्याच मापात छापला. पाहुणा पाच फुटांवरून बघतो, काही कळत नाही, मग पावलं पुढे टाकतो. तो फोटो चार फुटी केला की ही पावलं कुणी टाकत नाही. नवख्यांची सगळ्यांत सर्रास होणारी चूक म्हणजे मोठा आकार. दुसरी, फोटो भिंतीच्या मापाचा करण्यासाठी कडा कापणं. लायब्ररीच्या काचेच्या निगेटिव्हवर कडेला कलोडियनचे ओघळ, कोपऱ्यात बोटाचा ठसा, एखादी चीर दिसते. ते राहू द्या. ती काच कुणीतरी तंबूत ओल्या हातांनी धरली होती.

काही निगेटिव्हवर जवळजवळ सारखी दोन चित्रं शेजारी दिसतील. ती चूक नाही, त्रिमितीय दर्शकात घालून बघण्यासाठी ती जोडीनेच काढली जात. एक निवडा, किंवा जोडी तशीच छापा.

संगणकावर किती हात लावायचा

थोडा. निगेटिव्हवरून घेतलेली फाइल राखाडी, सपाट दिसते. काळं थोडं गडद, पांढरं थोडं उजळ, बस. पडद्यावर छान दिसतो तो फोटो कागदावर अंधारतो, म्हणून आधी पोस्टकार्डाएवढी चाचणी छापून दिवसाच्या उजेडात बघा.

आकाश कोरं पांढरं आहे म्हणून ढग घालू नका. कलोडियनची काच निळ्या रंगाला फार संवेदनशील असते, त्यामुळे आकाश जळून पांढरं होतं. ते त्या तंत्राचं लक्षण आहे. गंमत म्हणजे यादवी युद्धातल्या जनरल शर्मनच्या मोहिमेचे 61 फोटो 1866 मध्ये प्रसिद्ध करणाऱ्या जॉर्ज बर्नार्डने काही ठिकाणी वेगळ्या निगेटिव्हवरून खरंच ढग घातले. पण ते त्याने घातले, तुमच्या ॲपने नाही.

रंग भरणं हा वेगळा विषय आहे आणि माझं मत त्यावर कडक आहे: नको. गणवेशाचा रंग अंदाजाने मिळतो, चिखलाचाही मिळेल, पण मग समोर असतो तो 1917 चा फोटो नसून परवाचा अंदाज. तपकिरी छटा हवी असेल तर ती मूळ प्रिंटच्या फाइलमध्ये आपोआप असते. त्या काळचा अल्ब्युमेन कागद अंड्याच्या पांढऱ्याने माखलेला, उबदार तपकिरी दिसणारा. निगेटिव्हच्या फाइलला तो रंग वरून चोपडायची गरज नाही.

आणि छापायला देताना दुकानात स्पष्ट सांगा: आहे तसं छापा, काहीही सुधारू नका. मी एकदा हे सांगायला विसरलो. प्रिंट हातात आला तेव्हा फेंटनच्या रस्त्यावरचे चार-पाच तोफगोळे गायब होते. दुकानातल्या मुलाने धूळ समजून पुसले होते. त्याच्यावर रागावू तरी कसा? ज्या गोळ्यांवरून एवढा वाद चालला, ते त्याने दोन मिनिटांत निकालात काढले.

कागद आणि शाई

फ्लेक्स छापणाऱ्याकडे जाऊ नका, चकचकीत फोटोकागदही नको. फाइन आर्ट प्रिंट करणारा शोधा, मोठ्या शहरांत मिळतो, आणि छोट्या गावात असाल तर फाइल पाठवून प्रिंट गोल गुंडाळून मागवता येतो. त्याला दोनच गोष्टी विचारा: शाई पिगमेंटची आहे का, आणि कापसाच्या लगद्याचा मॅट कागद आहे का. हो-हो आलं की पुढे बोला. कॅनव्हासवर मात्र छापू नका. कापडाचा पोत आणि काचेवरचा बारीक तपशील यांचं जमत नाही, आणि वरून तो फोटो तैलचित्र असल्याची बतावणी करू लागतो.

चौकट: आपला खरा शत्रू पावसाळा

परदेशी सल्ले वाचून मी पहिली चौकट केली. प्रिंट थेट काचेला टेकवला, मागे हार्डबोर्ड, खिळे, झालं. कोकणातल्या घरात एका जून-जुलैत प्रिंट काचेला चिकटला, ऑगस्टात कोपऱ्यात बुरशीचे ठिपके आले, आणि मागच्या बाजूने कसर शिरली ती वेगळीच.

तेव्हा फ्रेमवाल्याकडे उभं राहून करून घ्या. प्रिंट आणि काच यांच्या मध्ये माउंट बोर्ड हवाच. तो शोभेसाठी कमी, काच कागदाला टेकू नये म्हणून जास्त. बोर्ड आम्लरहित असावा. साधा बोर्ड काही वर्षांत कडेने पिवळा पडतो आणि प्रिंटलाही डाग देतो. प्रिंट बोर्डाला पूर्ण चिकटवू देऊ नका, फक्त वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या गव्हाच्या खळीने लावून लोंबता ठेवायचा, म्हणजे दमट हवेत कागद फुगला तरी सुरकुतणार नाही. सेलोटेप लावू देऊ नका, फ्रेमवाला लाख म्हणाला "काही होत नाही" तरी. मागून प्रिंटला लागून पुन्हा आम्लरहित बोर्ड, मग फळी, आणि सगळ्या कडांना कागदी पट्टी. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या गुट्ट्या लावल्या की भिंत आणि चौकट यांत हवा खेळते. या गुट्ट्यांना दहा-वीस रुपये पडतात आणि सगळ्यांत जास्त काम त्याच करतात.

माउंटचं माप: 14 बाय 11 च्या आडव्या प्रिंटला वर आणि दोन्ही बाजूंना तीन इंच, खाली साडेतीन. खालची पट्टी थोडी रुंद नसेल तर चित्र खाली घसरल्यासारखं वाटतं. बाहेरचं माप झालं 20 बाय साडेसतरा. चौकट सडपातळ, काळी किंवा गडद सागवानी, नक्षी नको. काचेऐवजी अतिनील किरण अडवणारं अ‍ॅक्रिलिक परवडत असेल तर घ्या. हलकं पडतं आणि रंग टिकतो. फक्त ते कोरड्या फडक्याने पुसू नका, चरे पडतात.

भिंत

बाथरूमच्या पाठची भिंत नको. पश्चिमेच्या पावसाची बाहेरची भिंत नको, तिला ओल येतेच. समोर खिडकी नको, उन्हाने प्रिंट उडतो आणि काचेत स्वतःचंच तोंड दिसतं. जेवणाच्या टेबलासमोर आणि देवघराच्या भिंतीवरही नको, हे कुणी सांगायला लागू नये. वाचनाची खोली, जिन्याचा वळणावरचा टप्पा, किंवा आतल्या खोल्यांकडे जाणारा बोळ उत्तम. तिथे माणूस थांबला तर मनाने थांबतो.

फोटोचा मध्य जमिनीपासून 57 ते 60 इंचांवर येऊ द्या. आपल्याकडे फोटो छताजवळ, खाली झुकवून लावायची जुनी सवय आहे, ती पूर्वजांसाठी राहू द्या. विटांच्या भिंतीत ड्रिल आणि प्लास्टिकचा प्लग पुरतो. काँक्रीटचा पिलर लागला तर हॅमर ड्रिल आणा, साधा खिळा वाकतोच. काचेची चौकट असेल तर दोन स्क्रूंवर टांगा, एका खिळ्यावर ती कायम तिरकी होते. दर ऑक्टोबरात एकदा उतरवा, मागची पट्टी बघा, भिंतीला हात लावून ओल बघा, परत लावा.

एका भिंतीवर किती? फेंटनची जोडी आणि शातो वुड, माझ्याकडे एवढंच आहे. दहा युद्धांचे दहा फोटो एकत्र लावले की संग्रहालयाच्या दुकानासारखं दिसतं. बंदुका, तलवारी, ढाली शेजारी अडकवायचा विचार असेल तर आत्ताच सोडून द्या.

चिठ्ठी

हे शेवटचं काम बहुतेक जण करत नाहीत. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचं जाड कार्ड घ्या आणि चौकटीच्या खाली उजवीकडे लावा. त्यावर छायाचित्रकार, जागा, तारीख, फोटो कोणत्या संस्थेकडचा आणि त्याचा क्रमांक. मग एक वाक्य, फोटोत जे दिसत नाही त्याचं. फेंटनच्या जोडीखाली माझं वाक्य आहे: "डावीकडचा आधी काढला, उजवीकडचा नंतर, मधल्या वेळात गोळे रस्त्यावर आले." सुभाषित लिहू नका, कवितेची ओळ नको, शहीद-अमर वगैरे तर नकोच. तोच मजकूर पेन्सिलने चौकटीच्या मागेही लिहा, कारण कार्ड हरवतं.

यंदा दिवाळीला आत्या आली होती. बोळात शातो वुडसमोर थांबली. फळ्यांची वाट, चिखल, ते बुंधे बराच वेळ बघितले. मग वाकून चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, "हे पाचही जण घरी पोचले का रे?" चिठ्ठीवर ते लिहिलेलं नाही.